गाडी कुठल्या बाजूला ओढते?

आमच्या ताईची गाडी एका बाजूला ओढते, ही बातमी मार्चपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोचली होती. नागपूरच्या काकांपासून पुण्याच्या मावसभावापर्यंत प्रत्येकाचं त्यावर ठाम मत होतं. गंमत म्हणजे त्यातल्या एकानंही ती गाडी कधी चालवली नव्हती. मंडळींपैकी बरेच जण इथे येऊन वाचतात, ताईही वाचते, तेव्हा जरा जपूनच लिहितो :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताई गडचिरोलीपलीकडे, धानोरा रस्त्यावरच्या एका गावात शिकवते. आठवडाभर गडचिरोलीत राहते, शनिवारची सकाळची शाळा सुटली की चंद्रपूरला आईकडे येते आणि रविवारी परत जाते. वैनगंगेचा पूल, व्याहाड, सावली, मूल, केळझर, चिचपल्ली, लोहारा आणि मग चंद्रपूर, सगळे मिळून साधारण ८० किलोमीटर.

गाडी भाऊजींची. भाऊजी एप्रिल २०२१ मध्ये गेले. त्या एप्रिलबद्दल इथे लिहीत नाही. त्यानंतर वर्षभर गाडी कव्हर घालून उभी होती. मधेमधे मी जाऊन सुरू करून यायचो, तेवढंच. मग एक दिवस ताईनं गडचिरोलीतच ड्रायव्हिंग क्लास लावला, एकावन्नाव्या वर्षी लायसन काढलं आणि कुणाला न सांगता एका शनिवारी गाडी घेऊन चंद्रपूरला आली. आईनं दार उघडल्यावर आधी तिच्या मागे पाहिलं, ड्रायव्हर कोण आहे म्हणून.

तर "गाडी ओढते" हे आमच्या घरात नुसतं मेकॅनिकल वाक्य नव्हतं. ते ऐकल्याबरोबर "एसटीनं येत जा", "विकून टाक, उगाच पडून आहे", "जंगलाचा रस्ता आहे, तुझं वय काय" असं सुरू झालं. गाडी ओढते म्हणजे ताईला चालवता येत नाही, असा एकूण सूर. ताईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि मला फोन केला. म्हणाली, "तू एकदा बघ. गाडीत काही नसेल, माझ्याच हातात असेल, तर मी विकून टाकते. पण आधी बघ." ताई विकते म्हणाली की विकते. आणि गाडी गेली की दर शनिवारी आईकडे येणंही महिन्यातून एकदावर येणार, हे मला दिसत होतं. शाळेच्या गावाहून गडचिरोली, तिथून बस, चंद्रपूरच्या स्टँडवरून ऑटो असं करत यायला संध्याकाळ होते. आई ऐंशीची आहे, आठला झोपते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी उजवीकडे ओढत होती. आपल्याकडे उजवीकडे ओढणं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाणं. सुरजागडचं लोहखनिज निघायला लागल्यापासून जड गाड्यांनी काय केलंय ते आष्टी-आलापल्लीच्या लोकांना विचारा. आमच्या मूल रस्त्यावरही भरलेल्या ट्रकना तोटा नाही. तेव्हा "चालवत राहा, होईल ठीक" असं म्हणायची सोय नव्हती.

मी वीज केंद्रात पंप आणि व्हॉल्व्हच्या मेंटेनन्समधला माणूस. आमच्याकडे एक सवय लागते. मशीन काय करतंय ते चालवणाऱ्याच्या शब्दांत, जसंच्या तसं वहीत लिहायचं. आपली अक्कल नंतर. ताईनं सांगितलं ते असं: गडचिरोलीहून निघताना काही नाही. व्याहाड गेलं, सावली आली, की त्यानंतर कधीतरी सुरू होतं. ब्रेक मारला की गाडी डावीकडे झुकते. ब्रेक सोडला की उजवीकडे जायला लागते. चंद्रपूरला पोचून आईकडे तासभर बसून पुन्हा बाहेर काढली की एकदम शहाणी.

यातल्या डावी-उजवीवर आमचे सगळे विद्वान मनसोक्त हसले होते. एकदा डावीकडे म्हणते, एकदा उजवीकडे म्हणते! चंद्रपुरातल्या एका अलाइनमेंटवाल्याकडेही ती जाऊन आली होती. त्यानं मशीनवर चढवून कागद छापून दिला, सगळे आकडे हिरवे. वर म्हणाला, "मॅडम, स्टीअरिंग फार घट्ट धरता तुम्ही. हलकं धरा." ताई काही बोलली नाही, पण तो कागद तिनं घडी करून डॅशबोर्डात ठेवला होता आणि मला दाखवताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता जरा मास्तरकी करतो, चालवून घ्या.

आमचे आजोबा सावलीकडचे, धानाची शेती. त्यांची बंडी एका बाजूला जायला लागली की ते आधी बैल बघत. जोडीतला एक दमला की तो मागे पडतो, दुसरा पुढे जातो आणि बंडी दमलेल्याच्या बाजूला वळते. बैल बरे असतील तर मग चाक आणि आस. ओंगण संपून आस कोरडी पडली की ते चाक जड फिरतं आणि बंडी त्या जड चाकाकडे जाते. कारमध्ये बैल नाहीत, पण हिशोब बराचसा तोच आहे. जे चाक मागे राहतं त्याच्या बाजूला गाडी वळते. मग शोधायचं एवढंच की कुठलं चाक मागे राहतंय आणि का.

पहिला संशयित रस्ता. डांबरी रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणजे कायम डाव्या उतारावर. त्यामुळे अगदी ठणठणीत गाडीही हात सैल सोडला की हळूच डावीकडे सरकते. हा दोष नाही, आणि तो घालवायला अलाइनमेंट बिघडवून घेऊ नये. ताईची गाडी मात्र उजवीकडे जात होती, म्हणजे उतार चढून! पाणी डावीकडे वाहतंय आणि गाडी उजवीकडे चाललीय. हे वहीत लिहिलं तेव्हाच मला वाटलं की यात ताईच्या हाताचा काही संबंध नाही. घट्ट धरल्यानं गाडी चढ चढत नाही.

दुसरा संशयित हवा. एका चाकात ३० पॉइंट आणि दुसऱ्यात २२ असेल तर कमी हवेचं चाक जड फिरतं आणि गाडी तिकडे ओढते. ही तपासणी फुकट आहे, म्हणून सगळ्यात आधी करायची, आणि चाकं थंड असताना करायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो, त्यात ५० किलोमीटर पळून आलेल्या टायरची हवा मोजून काही कळत नाही. ताईची हवा दोन्हीकडे सारखी होती.

तिसरा टायर स्वतः. हे फार लोकांना माहीत नसतं. रेडियल टायरच्या आत स्टीलच्या तारांचा पट्टा असतो. तो बनवतानाच किंचित एका बाजूला बसला असेल, किंवा खड्ड्यात आदळून आतून सरकला असेल, तर बाहेरून गोल दिसणारा टायर चालतो मात्र शंकूसारखा. घरातला स्टीलचा पेला आडवा करून फरशीवर ढकला, तो सरळ जात नाही, गोल फिरतो. तसंच. याची तपासणीही सोपी आहे. पुढची दोन्ही चाकं एकमेकांच्या जागी लावायची. ओढ बाजू बदलली तर टायर दोषी, नाही बदलली तर निर्दोष. (टायरवर बाण असेल, म्हणजे तो एकाच दिशेनं फिरायचा असेल, तर मात्र असं कायमचं ठेवायचं नाही.) रविवारी सकाळी अंगणात जॅक लावून मी चाकं बदलली. त्या संध्याकाळी ताई परत गेली आणि गडचिरोलीहून फोन आला, "तसंच. उजवीकडेच." टायर सुटले.

चौथं अलाइनमेंट, ज्याच्यावर सगळे पहिल्यांदा बोट ठेवतात. त्यात तीन माप असतात. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती कललंय. चाक ज्या बाजूला कलतं त्या बाजूला वळायला बघतं, वळणावर सायकल कलते तशी. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे किती झुकलाय. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, म्हणून तर हात सोडून चालवता येते. हा झुकाव दोन्हीकडे वेगळा झाला की गाडी कमी झुकावाच्या बाजूला जाते. आणि तिसरं टो, पुढची चाकं बोटं जुळवून उभी आहेत की फाकवून. टोनं टायर झिजतात, स्टीअरिंग वाकडं बसतं, पण नुसत्या टोनं गाडी सहसा ओढत नाही. आणि आपल्याकडची बरीच दुकानं अलाइनमेंट म्हणजे टोच करून देतात! एखादा लोअर आर्म वाकला, त्याचं बुश फाटलं, तर आकडे कागदावरही चुकतात. ताईच्या कागदावर तिन्ही बरोबर होती, आणि मी खाली झोपून बुश बघितली, तीही चांगली होती.

पण त्या कागदात एक मोठी गोम आहे. मशीन उभ्या, थंड गाडीची मापं घेतं. ताईचं म्हणणं तर पहिल्यापासून हेच होतं की थंड गाडीत काही नाही! जो दोष २५-३० किलोमीटर चालल्यावर येतो आणि तासभर उभं राहिल्यावर जातो, तो कलण्या-झुकण्याचा कसा असेल? लोखंड वाकलं की वाकलेलंच राहतं. येतो आणि जातो तो तापण्याचा दोष. आणि गाडीच्या चाकात तापणारी वस्तू एकच, ब्रेक.

पुढच्या शनिवारी मी सकाळची एसटी पकडून गडचिरोलीला गेलो. येताना ताई चालवत होती, मी बाजूला वही घेऊन. निघताना चारही रिमांना हात लावून पाहिला, सगळ्या सारख्या. वैनगंगेच्या पुलापर्यंत गाडी सरळ. व्याहाडला थांबून पुन्हा हात लावला, पुढच्या दोन्ही कोमट. सावलीत बाजार होता का कोण जाणे, पण गर्दी होती, गुरं होती, स्पीडब्रेकर होते. ताईचा पाय सतत ब्रेकवर. गाव सोडून दोनेक किलोमीटर गेलो असू, ती म्हणाली, "आलं."

स्टीअरिंग किंचित डावीकडे वळवून धरल्याशिवाय गाडी सरळ जात नव्हती. मागेपुढे कुणी नव्हतं, तेव्हा म्हटलं, हात काढू नको, नुसते सैल कर. गाडी सावकाश उजवीकडे निघाली आणि मधली पांढरी पट्टी ओलांडायला लागली. "बघ," ताई म्हणाली. एवढंच म्हणाली. पण महिनाभर जे ऐकून घेतलं होतं ते सगळं त्या एका शब्दात होतं.

कडेला एका मोहाखाली थांबलो. उजव्या पुढच्या चाकाजवळ नुसता तळहात नेला तरी धग लागत होती, आणि तो करपट वास. डावं पुढचं कोमट, मागची दोन्ही जेमतेम. (अशा वेळी तापलेल्या डिस्कवर बाटलीभर पाणी ओतायचा मोह होतो. ओतू नये, डिस्क वाकडी होऊ शकते.) वीस-पंचवीस मिनिटं बसलो. खाली मोहफुलं सकाळीच वेचून झाली होती, उरलीसुरली पडत होती. ताईनं डब्यातल्या पोळ्या काढल्या. भाऊजी या रस्त्यानं येताना कायम मूलच्या अलीकडे चहाला थांबायचे, असं सांगत होती. मग गाडी काढली, पुन्हा शहाणी. तशीच हळू, शक्य तेवढा कमी ब्रेक वापरत मूलपर्यंत आणली.

मूलला राइस मिलच्या रांगेपलीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, भाऊजी त्यांच्याकडे जायचे. मी वही उघडून सगळं सांगायला लागलो तर त्यांनी मला हातानं थांबवलं आणि ताईला विचारलं, "तुमी सांगा मॅडम. गाडी तुमी चालवता ना?" ताईनं सांगितलं, डावी-उजवीसकट. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "ब्रेक मारला का डावीकडे, सोडला का उजवीकडे. बराबर हाय." मग स्वतः गाडी घेऊन गेले आणि दहा मिनिटं ब्रेक मारमारून चांगली तापवून आणली.

पुढचं बघण्यात मजा होती. जॅकवर घेतल्यावर उजवं चाक हातानं फिरेना. आता हे धरून ठेवण्याची कारणं तीन-चार असतात. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला असेल, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या झाल्या असतील, नाहीतर तेलाचा दाबच परत जात नसेल. दाब परत जात नसेल तर तो मास्टर सिलिंडरमध्ये अडला असेल किंवा वाटेत. मास्टर सिलिंडरचं नसावं, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचं एक चाक आणि तिरपं मागचं चाक एका लाइनवर असतात, आणि मागचं डावं तर थंड होतं. मिस्त्रींनी आधी लोखंडी पाइप रबरी होजला जिथे जोडतो तो नट सैल केला. तेल थेंबभर आलं, चाक तसंच घट्ट. मग होजच्या पलीकडे, कॅलिपरवरचं निपल सैल केलं. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक फिरायला लागलं.

म्हणजे पिस्टन मोकळा, पिना मोकळ्या, मास्टर सिलिंडर निर्दोष. दाब अडकला होता त्या दोन जागांच्या मधे, वीतभर रबरी होजमध्ये.

होज बाहेरून अगदी चांगला होता. काढून उभा चिरला तेव्हा दिसलं. आतल्या रबराचा पापुद्रा सुटून झडपेसारखा लोंबत होता. बारा वर्षांचं रबर, त्यात आमच्याकडचे उन्हाळे. मी बघतच राहिलो, कारण हा तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! पंपाच्या डिस्चार्ज लाइनवर आम्ही तो मुद्दाम बसवतो, इथे तो आपोआप तयार झाला होता. पाय दाबला की जोरानं तेल जातं, पण अडखळत, उशिरा. तोवर डावं चाक ब्रेक घेऊन मोकळं, म्हणून गाडी आधी डावीकडे झुकते. पाय काढला की डावं लगेच सुटतं. उजव्याकडे मात्र परत यायला जोर नसतो, पापुद्रा आडवा येतो, पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि गाडी उजवीकडे. गाडी तासभर उभी राहिली की तेल झिरपत परत येतं आणि सगळं ठीक. ताईचं एकेक वाक्य जागच्या जागी बसत होतं.

"असंच चालवलं असतं तर?" मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "तेल उकळते ना मंग. पायडल खाली जाते, ब्रेकच लागत नाही." ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, जुनं झालं की लवकर उकळतं, वाफ दाबली जाते पण चाकापर्यंत दाब पोचत नाही. ताईच्या गाडीतलं ऑइल चहासारखं काळं झालेलं होतं. केळझरच्या जंगलात समोर नीलगाय आली असती आणि पायडल खाली गेलं असतं तर, हे मी तिथे बोललो नाही. ताईलाही ते कळलं असणार.

होज मूलला मिळाला नाही. गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीनं चंद्रपूरला आलो, आणि "ताई शेवटी एसटीनं आली" ही बातमी रात्रीपर्यंत नागपूरला पोचली. असो. रविवारी सकाळी अर्धं शटर उघडं असलेल्या एका दुकानातून दोन्ही बाजूंचे होज घेतले (एक गेला तर दुसरा त्याच वयाचा असतो, जोडीनंच बदलावा), पॅडचा सेट घेतला, कारण उजवे पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते, आणि ब्रेक ऑइल. दुपारी दोघं पुन्हा मूलला. मिस्त्रींनी होज बदलले, पिनांना ग्रीस लावलं, जुनं तेल काढलं, चारही चाकांची एअर काढली. सगळं मिळून चार हजारांच्या आत. मजुरी घेताना ताईला म्हणाले, "साहेबांची गाडी हाय. चालवत राहा." ताईनं मान हलवली आणि पाण्याची बाटली शोधायला गाडीत वाकली.

मूलहून ती गडचिरोलीला एकटी गेली आणि मी चंद्रपूरच्या बसमध्ये बसलो. साडेसातला फोन आला. "सरळ येते. थोडीशी डावीकडे जाते, पण ते तुझं रस्त्याच्या उताराचं म्हणतोस ना, ते." रिमांना हात लावून पाहिला का, विचारलं. दोन्ही सारख्या कोमट आहेत म्हणाली. वाटेत व्याहाडला थांबून एकदा पाहिलं होतं म्हणे, मी न सांगता.

रात्री तिनं घरच्या ग्रुपवर चिरलेल्या होजचा फोटो टाकला. खाली काही लिहिलं नाही, शेजारी फक्त अलाइनमेंटचा तो हिरवा कागद उलगडून ठेवला होता. नागपूरच्या काकांनी अंगठा पाठवला. पुण्याच्या मावसभावानं लिहिलं, होज ठीक आहे गं, पण आता एकदा अलाइनमेंट पुन्हा करून घेच.